सिंधू सिस्टर आणि शिकाऊ सायकली

सिंधू सिस्टरांसमोर ‘पडली’ म्हणायची सोय नाही. आमच्या नांदुऱ्याच्या सायकल क्लबात त्या दर रविवारी सकाळी बायकांना सायकल शिकवतात. एखादी बाई सायकलसकट बाभळीच्या झुडपात गेली, पदर काट्यांत आणि चप्पल भलतीकडे, तरी सिस्टर मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडणार, “उतरली! पडली नाई म्हनाचं, उतरली म्हनाचं!” मग सावकाश जाऊन त्या ‘उतरलेल्या’ बाईच्या कोपरातले काटे काढणार.

सिस्टर सहासष्ट वर्षांच्या. सगळी नोकरी आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून गेली. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं त्यांच्या हातांत जन्मली, आणि हे त्या कुणाला विसरू देत नाहीत. अंगावर सुती साडी, तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला मलमपट्टीची पिशवी. नाडी पाहिल्याशिवाय त्या कुणाला सायकलवर बसू देत नाहीत. त्याच बोटांनी आणि त्याच गंभीर चेहऱ्यानं मग टायर दाबून पाहतात. निदानही दोघांचं एकच असतं. “हवा कमी हाय.” टायर असेल तर पंप येतो, बाई असेल तर केळं. “सकाळपासून काई खाल्लं नाई ना वं? खाय आंधी.”

मी क्लबाचा सचिव. एरवी शाळेत शिकवतो. सचिव म्हणजे बॅनर बांधणारा आणि पाण्याचे कॅन उचलणारा. त्यामुळे सिस्टरांचं काम मी फार जवळून पाहिलंय.

माझ्या शेजारच्या कल्पनाला सायकल शिकायची होती. ती घरीच ब्लाउज शिवते, आणि सामान आणायला बाजारात जायचं तर दर वेळी कुणाची तरी गाडी शोधावी लागे. पण तिची सासू तयार नव्हती. “या वयात सायकल? लोक काय म्हनतीन?” शेवटी सिस्टर स्वतः घरी गेल्या. सोबत मी होतो. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत सिस्टरांनी समोर बसलेल्या कल्पनाच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

“हा जन्मला तवा रडतच नव्हता. आठवते ना? पयली चापट म्याच मारली होती याले.”

“हाव, आठवते,” सासूबाई म्हणाल्या.

“मंग? तवा इश्वास ठेवला, आता काऊन नाई?”

नवरा मान खाली घालून चहा आणायला आत गेला. पुढच्या रविवारी कल्पना मैदानावर हजर झाली.

सिस्टर कॅरियर धरून तिच्यामागे धावायच्या. “समोर पाह्य! पायाकडं नोको पाहू, पाय कुठी पळून नाई जाऊन राह्यले!” कल्पना तीनदा ‘उतरली’, एकदा तर थेट माझ्या पाण्याच्या कॅनवर. पाचव्या रविवारी सिस्टरांनी हात कधी सोडला ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती इतक्या जोरात किंचाळली की बाजूच्या झाडावरचे बगळे उडाले.

त्यानंतर आम्ही बायकांची पहिली फेरी ठरवली, नांदुरा ते वडनेर भोलजी. अशा फेरीत सिस्टर नेहमी मागून रिक्षानं येतात. त्या दिवशी नेमकं रिक्षाचंच चाक पंक्चर झालं. सायकली पुढे निघून गेल्या होत्या, मी माझ्या सायकलसह रिक्षापाशी थांबलो होतो. चालक जॅक शोधत होता, तेवढ्यात मला फोन आला. वडनेरच्या अलीकडे कल्पनाची सायकल खडीवरून घसरली होती. हनुवटी फुटली होती, रक्त थांबत नव्हतं.

सिस्टरांनी पिशवी उचलली आणि चालायलाच लागल्या.

“सिस्टर, माझ्या मागं बसा!”

“म्या कोनाच्या मांगं बसत नाई.”

“अहो, लांब आहे!”

“पाय हायेत मले.”

मी सायकल हातात धरून त्यांच्या शेजारी जवळजवळ पळत होतो. या बाईला अशा वेळी कसला हट्ट सुचतोय, म्हणून मला रागही आला. पुन्हा फोन वाजला. कल्पनाला चक्कर येत होती. सिस्टर थांबल्या. कॅरियरकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला, एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि म्हणाल्या, “मारा पायडल.”

आम्ही पोचलो तेव्हा कल्पना रस्त्याकडेला बसून रडत होती, आणि बाकीच्या बायका तिच्याभोवती उभ्या राहून रडत होत्या. सिस्टरांनी आधी त्यांना गप्प केलं. जखमेवर गॉज दाबून धरला. “दोन टाके पडतीन. पोरगी धडधाकट हाय.”

“सासूबाई आता सायकल बंद करतीन, सिस्टर,” कल्पना म्हणाली.

“कशी करते पाहतो ना. येतो म्या संध्याकाळी.”

रक्त थांबलं. कल्पनाचा नवरा कुणाची तरी मोटारसायकल घेऊन आला आणि तिला गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

परत निघताना सिस्टर आपणहून माझ्या मागे बसल्या. वाटेत न राहवून मी विचारलं, “तुम्ही स्वतः सायकल का चालवत नाही?”

“मले येतच नाई.”

मी मागे वळून पाहिलं. सायकल डगमगली.

“समोर पाहा, सर.” मग त्या बोलू लागल्या. “आमचे हे कापसाच्या जिनिंगमधी होते. माह्याकडं पाच गावं. कोनाले कळा लागल्या का हे मले सायकलीवर मांगं बसवत, अन् निंघत. उन्हातान्हात, चिखलातून. शिकवतो म्हनत होते मले, लय मांगं लागले. म्याच नाई म्हनलं.”

“का?”

“म्या शिकली असती, तं त्याईच्या मांगं कोन बसलं असतं?”

सिस्टरांच्या यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. एवढं मला ठाऊक होतं. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, आणि समोर नांदुऱ्याची घरं दिसायला लागली. घाईनं पोचायची मला सवय. मी वेग वाढवला. तेवढ्यात पाठीवर हलकेच बोट टेकलं.

“हळू चालवा ना, सर. आता कोनती बाई बाळंतपनाले अडली हाय?”