ओट्यावरचा एकच प्लग

"अख्ख्या गावाचं पाणी चौथ्या मजल्यावर चढवणारा माणूस मी! मूठभर कॉफीतून घोटभर पाणी काढायला मला कोण शिकवणार?"

धाकट्या जावयांनी ही गर्जना केली तेव्हा ते हाफ पँटवर, हातात चमचा घेऊन ओट्यासमोर उभे होते. नोकरी पाणीपुरवठा खात्यात, नळांचं प्रेशर तपासायची. त्यामुळे प्रेशरमधलं जगात आपल्यालाच कळतं अशी त्यांची ठाम समजूत! कुकरची शिट्टी झाली तरी ते जाणकारासारखी मान हलवायचे.

सासुरवाडीला जावई दोनच. थोरले आणि धाकटे. थोरले म्हणजे कॉफीतले महापंडित! कप नाकाशी नेऊन डोळे मिटल्याशिवाय घोट घ्यायचे नाहीत. गेल्या खेपेला त्यांनी धाकट्यांच्या घरची कॉफी प्यायली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "हा काढा कशावरचा?"

झालं! साडूनं काढलेली लाज ती. धाकट्यांनी आठवड्याच्या आत प्रेशरनं कॉफी काढणारं एस्प्रेसोचं मशीन आणून ओट्यावर मांडलं. आता ओट्यावर प्लग एकच. त्यामुळे मिक्सरची रवानगी गॅलरीतल्या प्लगपाशी, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली झाली.

"वीस वर्षं तिथं माझा मिक्सर होता," बायको म्हणाली.

"आता जमाना बदलला!"

"बरं. रविवारी ताई आणि भाऊजी येताहेत. भाऊजींनी आपणहून दुसरा कप मागितला, तर तुमचं मशीन राहील. नाही मागितला, तर माळ्यावर जाईल. कबूल?"

"कबूल! दुसरा काय, तिसरा मागतील!"

रविवारी भल्या सकाळी प्रयोग सुरू झाला. पुड्या दोन, एक कडू दाण्यांची, एक आंबट दाण्यांची. त्यांचं मिश्रण जमवायचं. मशीनसोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं, चव घेऊन थुंकून टाका. पण धाकटे पडले काटकसरी! एवढी महागाची कॉफी थुंकायची? एकेक कप गिळत गेले. कधी कडू जास्त, कधी आंबट जास्त, की पुन्हा नवा कप.

न्याहारीच्या वेळेपर्यंत पापण्या मिटेनाशा झाल्या. हातातली बशी आपोआप वाजू लागली. मग त्यांनी पंखे पुसले. दारातल्या चपला उंचीप्रमाणे लावल्या. शेजारी दूध घ्यायला दार उघडतात न उघडतात, तोच त्यांना आपल्या नोकरीचा सगळा इतिहास एका दमात ऐकवला.

"अहो, जरा बसा की!"

"बसलोयच मी!" धाकटे फेऱ्या मारत म्हणाले.

शेवटी एकदाचं सूत्र सापडलं. दोन भाग कडू, एक भाग आंबट!

"म्हणजे आपल्या संसारासारखंच," बायको म्हणाली आणि ताईला आणायला खाली गेली.

धाकट्यांनी दाणे मोजून दळायच्या हातयंत्रात घातले आणि दांडा फिरवला. कॉफीच्या तारेत असा काही हिसका दिला की स्क्रूचा आटा गेला आणि दांडा हातात आला! जिन्यात थोरल्यांचं खाकरणं ऐकू यायला लागलं. आता काय करायचं? माळा डोळ्यांसमोर तरळला. धाकटे गॅलरीत धावले, मिक्सरचं भांडं साबणानं खसाखसा धुतलं, पुसलं, त्यात दाणे ओतले आणि घर्रर्र! दोन मिनिटांत पूड तयार. हुंगून पाहिली, पण सकाळपासून कॉफीनं भरलेल्या नाकाला काय कळणार, कपाळ!

थोरले येऊन बसले. कप नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट घेतला. कान लाल झाले. मग ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. धाकट्यांची नजर माळ्याकडे गेली. गेलं मशीन!

पण थोरल्यांचा एक नेम होता. जीव गेला तरी "मला कळलं नाही" म्हणायचं नाही.

"वा!" त्यांनी डोळे पुसले. "मागून येते ती ऊब बघा, साडूभाऊ! थेट घशात! डोंगराच्या उन्हाकडच्या बाजूचा दाणा असणार."

"तुमच्यापासून काय लपणार!" धाकटे म्हणाले. काय लपलंय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"आणखी एक कप मिळेल?"

अहाहा! धाकट्यांना ओट्यावर चढून नाचावंसं वाटलं. दुसरा कप करायला ते आत गेले, तर मागोमाग बायको. तिनं भांड्यातली चिमूटभर पूड जिभेवर ठेवली, सरळ गॅलरीत गेली आणि मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग बोटात अडकवून परत आली.

"भांडं धुतलंत. ही कोण धुणार? कालच लाल मिरच्या फिरवल्यात मी."

धाकट्यांनी हात जोडले. "तुझ्या पाया पडतो, बाहेर बोलू नकोस!"

"छे! मी कशाला बोलू? तुम्ही जिंकलात. मशीन राहणार. पण भाऊजींना आवडली ती चव मिक्सरची. मग ओट्यावरचा मान कुणाचा?"

दुसरा कप बाहेर पोचवून धाकट्यांनी मशीनचा प्लग काढला. मशीन राहिलंय, शब्दाला बाई पक्की! फक्त ते गॅलरीत राहिलंय. हल्ली धाकटे ओल्या टॉवेलांमधून वाट काढत कॉफी करतात आणि टॉवेलांवरून कपात टपकणाऱ्या थेंबांना प्रेशर नसतं असं स्वतःला समजावतात.

पुढच्या रविवारी थोरल्यांचा फोन आला. आवाज पार पडलेला.

"साडूभाऊ, त्या दिवशी जिन्यात तुमच्या मिक्सरची घरघर ऐकली होती, तसाच मिक्सर आणला. तुम्ही सांगितलंत तसं दोन भाग कडू, एक भाग आंबट, सगळं केलं. ती ऊब काही येत नाही हो! काय चुकतंय?"

धाकट्यांनी फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. ती ओट्यापाशी, मिक्सरचं झाकण दाबून उभी होती.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "आधी वीस वर्षं ताईच्या शेजारी उभं राहून मिरच्या वाटा म्हणावं. मग येते."