नानांचा चाकू आणि जावईबापूंचा हात

एका रविवारी जावईबापूंनी ठरवलं, की नानांचा जुना चाकू आपण घासूनपुसून, धार लावून त्यांना परत द्यायचा. बस्स, एवढंच ठरवलं. माणूस पाणीपट्टीच्या कचेरीत बिलांवर शिक्के मारणारा. शिक्क्याहून धोकादायक हत्यार त्यांनी उभ्या जन्मात धरलेलं नव्हतं. (आणि एकदा तोही साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर उमटवला होता.)

नाना म्हणजे त्यांचे सासरे. सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली, म्हणजे रानात तंबू ठोकून राहण्यात. त्या सगळ्या मुक्कामांना हा चाकू त्यांच्या कमरेला. त्यानंच तंबूच्या खुंट्या तासायच्या, दोर कापायचे, डबे फोडायचे, आणि त्यानंच बटाटे सोलायचे. निवृत्त होऊन नाना लेकीकडे राहायला आले, तेव्हा चाकूही परसात कामाला लागला. पातं झिजून निम्मं उरलं होतं, मुठीवर सुतळीचे वेढे होते. पण नानांच्या हातात तो लोण्यातून फिरल्यासारखा फिरायचा.

मग एक दिवस परसातली मुळं कापताना नाना पाय घसरून पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण नाना काही उठेनात. खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि गप्प बसले. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना ते "उद्या" म्हणायचे. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "आता चालले नाहीत, तर पुढे चालणार नाहीत." लेक त्या दिवसापासून भाजी चिरता चिरता मध्येच थांबायची.

जावईबापूंना ते बघवत नव्हतं. आणि त्या रविवारी गवत उपटताना त्यांना तो चाकू सापडला. नाना पडले त्या दिवसापासून तिथंच चिखलात पडलेला, गंजलेला. त्यांना वाटलं, हा चकचकीत होऊन नानांच्या हातात पडला, की म्हातारा कसा टुणकन उठेल!

शेजारी मेकॅनिक काका राहायचे. त्यांच्याकडून जावईबापूंनी ग्राइंडर मागून आणला.

"चालवलाय का कधी?" काकांनी विचारलं.

"व्हिडिओ बघितलाय," जावईबापू म्हणाले.

काकांनी ग्राइंडर दिला आणि आपला बोका उचलून घरात नेला.

पहिल्यांदा ठिणग्या उडाल्या तेव्हा जावईबापूंना फार बरं वाटलं. आपण कारखान्यात असतो तर कुठल्या कुठे गेलो असतो, असंही वाटून गेलं. मग दिसलं, की डावीकडून पातं जरा जास्त गेलंय. म्हणून उजवीकडून घेतलं. मग उजवीकडून जास्त गेलं. आरशासमोर मिशा सारख्या करणाऱ्या माणसाचं जे होतं, तेच झालं. टोक तापून निळं पडलं, मग टोक गेलंच. शेवटी मशीन बंद करून बघतात तर मुठीतून पुढे आलेलं पातं अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठं. धार मात्र अजिबात नव्हती.

जावईबापू ओट्यावर बसून घामाघूम झाले. आता? आता सरळ जाऊन कबूल करायचं, हा एक मार्ग होता. तो त्यांना सुचला नाही.

ते बाजारात गेले आणि तसाच एक नवा चाकू घेऊन आले. नवा चाकू नुसता नवा नव्हता, तो आरशासारखा चमकत होता. त्याला म्हातारा करणं आलं. त्यांनी तो विटेवर घासला, दगडानं ठोकला, मुठीवर सुतळी गुंडाळली. तरी तो आपला नव्याचा नवाच दिसत होता! मग त्यांनी गॅसवर पातेलं ठेवलं.

"अहो, काय उकळताय?" बायको आत येत म्हणाली.

"चहा."

"आणि चहात ते काय आहे?"

"चाकू."

बायकोनं पातेल्यात डोकावून बघितलं. संसाराला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे ती दचकली वगैरे नाही.

"साखर घातलीत?"

"नाही."

"नशीब," म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली.

चहानं रंग छान आला, पण गंज काही येईना. गंजासाठी ओली मातीच हवी. दुपार कलताना जावईबापूंनी चाकू जुन्या टॉवेलात गुंडाळला, फावडं घेतलं आणि परसाच्या कोपऱ्यात, नाना पडले होते त्याच जागेशी, इकडेतिकडे बघत खड्डा खणायला लागले. खिडकीकडे मात्र बघायचं राहून गेलं.

"बोका गेला का?"

आवाज मागून आला. जावईबापू न वळताच म्हणाले, "कुठे?"

"अहो, वर!"

जावईबापूंनी आंब्याच्या झाडाकडे बघितलं. "वर तर दिसत नाही."

"जावईबापू, टॉवेलात काय आहे? ग्राइंडरखाली आला ना बिचारा? आणि त्याला एवढ्याशा खड्ड्यात पुरताय? रात्रीत कुत्री उकरतील! व्हा बाजूला, खड्डा कसा खणतात ते सांगतो."

जावईबापू वळले. वॉकर धरून नाना उभे होते. गवतात. पायांत चपला नव्हत्या आणि चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेला राग होता.

वाळत घातलेल्या चादरीमागून बायको पुढे आली आणि जागीच थांबली. "नाना... तुम्ही चालत आलात?"

"मग काय उडत येऊ?" नाना म्हणाले, आणि मग त्यांनी स्वतःच खाली, आपल्या पायांकडे बघितलं.

जावईबापूंचा धीर सुटला. त्यांनी टॉवेल उलगडला, खिशातून जुन्या चाकूचा उरलेला तुकडा काढला आणि सगळं सांगून टाकलं. ग्राइंडर, वीट, चहा, सगळं.

नानांनी तो तुकडा तळहातावर घेतला. अंगठा त्याच्यावरून हळूच फिरवला. त्यांचे खांदे हलायला लागले. जावईबापूंना वाटलं, संपलं, म्हाताऱ्याला रडवलं आपण.

"मला उभा जन्म लागला हो याला निम्मा करायला," नाना हसता हसता कसेबसे म्हणाले. "तुम्ही एका सकाळीत उरकलंत!"

मग त्यांनी उलटी बादली मागवली, तिच्यावर बसले, धारेचा दगड आणि पाणी आणवलं. घासत घासत त्या तुकड्याला त्यांनी अशी धार आणली, की तण मुळासकट निघायला लागलं. दुसऱ्या दिवशी ते तण काढायला आपणहून परसात आले. तिसऱ्या दिवशीही आले. व्यायामाच्या बाई आल्या की आता नानाच त्यांना थांबवून ठेवायचे, "एवढा वाफा होऊ द्या." पुढे वॉकर सुटला, काठी आली. आणि थंडी सरल्यावर एके दिवशी नाना जेवताना म्हणाले, "तळ्याकाठी एकदा तंबू टाकू या का?"

लेकीचा घास हातातच राहिला. ती नुसतीच मान हलवत राहिली.

गेले सगळे. नानांनी काठी टेकत जागा निवडली, उतार बघितला, वारा बघितला. मग साहेबी थाटात कामं वाटून दिली. चहात शिजलेला चाकू लेकीला दिला, खुंट्या तासायला. तण काढायचा तुकडा स्वतः घेतला, दोर कापायला.

"आणि मी?" जावईबापूंनी उत्साहानं हात पुढे केला.

नानांनी त्या हाताकडे बघितलं, पिशवीत बराच वेळ चाचपलं आणि त्यांना एक चमचा दिला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी तोही मोडला.