आठव्या कथेवरील नोंदणीकृत अभिप्राय

आष्ट्याच्या वाचक मंडळाने १९९४ साली अकरा स्थानिक लेखकांच्या कथांचा संग्रह छापून घेतला आणि रीतसर अभिप्राय सभा बोलावली. लेखकाने वाचकांवर दबाव आणू नये, म्हणून सगळे अभिप्राय नोंदवून होईपर्यंत लेखकाला त्याची प्रत द्यायची नाही, असा सभेचा नियम होता.

आठवी कथा प्रबुद्धची. तो पोस्टात कारकून, आणि ही त्याची छापून आलेली पहिलीच कथा. नाव ‘प्रवास’. सासरे जुन्या लुनावरून इस्लामपूरला निघतात, उतारावर ब्रेक लागत नाही, ते थेट परक्यांच्या लग्नाच्या मांडवात शिरतात आणि जेवून परत येतात, एवढीच गोष्ट. ती वाचून कुणीतरी हसलं, हे कानांनी ऐकायचं म्हणून बिचाऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

अध्यक्ष लालासाहेबांकडे वीस एकर ऊस आणि तीन चष्मे होते. ‘प्रवास’ वाचताना आपला कंठ दाटून आला, एका अख्ख्या समाजाची वेदना त्यात आहे, असं त्यांनी सांगितलं. प्रबुद्ध चमकला. लुनात वेदना कुठून आली? पण चिटणीस हिंदुरावांनी कथेला ‘दाहक’ म्हटलं, तिसऱ्याने ‘विदारक’, आणि सातव्या अभिप्रायापर्यंत कथेची जिल्हा पुरस्कारासाठी शिफारसही झाली. कथेतल्या सासऱ्यांना खरंच काही दुःख असावं, असं आता प्रबुद्धलाही वाटू लागलं.

मग सुलाबाई उठल्या. त्यांची पिठाची गिरणी. दोन दळणांच्या मधे त्या पुस्तक वाचत, आणि पहिल्या पानापासून वाचत.

“आवं, पान ऐंशीनंतर येकदम सत्त्याण्णव हाय. ह्याची गोष्ट पुस्तकात न्हाईच.”

सर्वांनी आपापल्या प्रती उघडल्या. सातही प्रती पहिल्यांदाच उघडल्यासारख्या करकरल्या. सोळा पानांचा एक फॉर्मा बांधायचाच राहिला होता.

चिटणीस डगमगले नाहीत. अनुकूल अभिप्राय सात, हरकत एक. नोंदवलेला अभिप्राय रद्द करण्याची तरतूद नाही. सबब कथा पुस्तकात आहे, असं मानणं क्रमप्राप्त होतं. फक्त लेखकाची पुष्टी हवी होती. ‘सदर कथा सदर पुस्तकात आहे’ एवढं लिहून त्यांनी वही प्रबुद्धपुढे सरकवली.

प्रबुद्धने सात प्रतिष्ठित चेहरे पाहिले. सुलाबाईंकडे पाहायचं टाळलं आणि सही केली. त्याला लाज वाटली. पुरस्काराच्या विचाराने बरंही वाटलं, आणि त्याची आणखी लाज वाटली.

पुरस्कार मिळाला, म्हणून दुसरी आवृत्ती निघाली. तीत राहिलेला फॉर्मा गुपचूप बांधला गेला. पुन्हा सभा भरली; सुलाबाई तेवढ्या आल्या नाहीत. या वेळी खबरदारी म्हणून सातही जणांनी ‘प्रवास’ची दोन-दोन पानं वाचली होती. लालासाहेबांना मनापासून वाईट वाटलं.

“पयल्या आवृत्तीत काय जीव हुता, गड्या. पुरस्कार मिळाला अन् ह्यानं सगळी वेदना काढून टाकली. लुना घातली.”

‘लेखकाची घसरण’ अशी एकमताने नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रबुद्ध नवी प्रत घेऊन गिरणीवर गेला. आता सगळी भिस्त एका माणसावर होती. सुलाबाईंनी पिठाचे हात पुसले.

“मावशी, माझी गोष्ट आहे. तेवढी वाचा.”

“कंची? मागल्या पुस्तकातली?”

“तीच.”

“मागल्या पुस्तकात हुती म्हून तूच सही केलीस की. अन् ते पुस्तक तर मी सगळं वाचलंय,” त्या प्रत परत देत म्हणाल्या. “माझंबी लिहून घे. लय दाहक हाय.”