संत पौलांचा उजवा हात मोडला त्याची बखर

आकाशींचा धनी, त्याचा पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे स्मरण करून, बारा प्रेषित आणि मागाहून आलेले तेरावे पौल यांचे पायी डोई ठेवून, शके सोळाशे ऐंशी, बहुधान्यनाम संवत्सरे, पौषमासी जे वर्तमान घडले ते घडले तैसे लिहिले आहे. लिहिणाराने आपले नाव घातले नाही, कारण त्यासही बायको आहे.

कोणे एके राज्यी, ज्याचे एके अंगास खाडी आणि उरल्या तिही अंगांस मिठागरे, संत पौलांचे देऊळ होते. राज्य ते केवढे, तर चार आळ्या, एक बाजार आणि गोड्या पाण्याची एक विहीर. हे पौल आधी ख्रिस्तजनांचे हाडवैरी, मग दमास्कसचे वाटेवर अवचित उजेड पडून भुईवर कोसळले, ते उठले ते प्रेषित होऊनच. आणि मग गावोगावच्या मंडळ्यांस पत्रे लिहून लिहून त्यांणी निम्मे जग जेरीस आणिले, आणि शेवटी रोमशहरी तलवारीने त्यांची मान गेली. त्यांचा लाकडी पुतळा देवळात उभा होता, आणि देवळाचे कारभारी राजश्री इनासपंत तुस्कानो हे दरसाल संतांचे सणाआधी तो स्वहस्ते पुसत. त्या साली इनासपंत शिडीवर चढले, आणि धूळ नाकात जाऊन शिंक आली, आणि तोल गेला म्हणोन संतांचा उजवा हात धरिला, तो हात खांद्यापासून निखळोन कारभाऱ्यांसहवर्तमान खाली आला. कारभारी वाचले. हात वाळवीने आतून पोखरला होता, त्याचा भुगा जाहला.

मग पंचायत बसली. सणास बारा दिवस उरले, जुझे मेस्त्री सुतार नवा हात करावयास सिद्ध, परंतु त्या हाती काय होते हे कोणास सांगता येईना. शंभर वर्षे राज्याने ज्यापुढे गुडघे टेकिले, त्याचे हाती काय आहे हे एकानेही पाहिले नव्हते. इनासपंत म्हणाले, तलवार होती, कारण पौल हे धर्माचे सेनापती. ताडी काढणारा पास्कू भंडारी उठला आणि म्हणाला की पेला होता, कारण पोटदुखीवर थोडा द्राक्षारस घेत जा ऐसे पौलांणी आपले शिष्यास लिहिले आहे, आणि पौलांचे सगळे शिकवणीत राज्याने मनापासून पाळिले ते येवढेच. तेव्हा इनासपंतांचे कुटुंब रेमेदबाई बायकांतून उठल्या आणि बोलिल्या की पौल जन्मभर पत्रे लिहीत होते, तर हाती पत्र द्यावे. आणि ज्या तलवारीने बिचाऱ्याची मान गेली तीच त्याचे हाती देणे हा कोठला न्याय?

पंचायत हसली. इनासपंतांस उत्तर सुचेना. एकतीस वर्षांचे संसारात उत्तर न सुचण्याचे प्रसंग बहुत आले, परंतु चारचौघांत हा पहिलाच. मग कानाची पाळी लाल करून ते बोलिले, "बायांनी मंडळीत उगे राहावे, हेही पौलांणीच लिहिले आहे."

रेमेदबाई खाली बसल्या, आणि त्यांजबरोबर चारी आळ्यांच्या बायका उग्या राहिल्या. देवळात, बाजारात, विहिरीवर, घरी, कोठेही शब्द नाही. खूण नाही, हुंकार नाही, भांडेही आपटणे नाही.

पहिला दिवस पुरुषांनी सणासारखा काढिला. दुसरे दिवशी मीठ सापडेना. तिसरे दिवशी बाजार भरला, परंतु कोळणी टोपल्यांमागे गप्प बसल्या, आणि मासळी कालची की आजची हे पुरुषांस नाकाने ठरवावे लागले, आणि त्यांची नाके कामास आली नाहीत, हे संध्याकाळी अवघ्या राज्यास कळले. आदितवारी गायन पुरुषांनीच केले. पास्कूने उंच सूर लाविला, तेव्हा देवळाबाहेरची कुत्री उठोन मिठागरांकडे गेली आणि दोन दिवस आली नाहीत.

सोमवारी मरणाची घंटा झाली आणि मानवेल गेला ऐसे कोणी सांगितले. राज्यात मानवेल दोन. कोणता गेला हे रेमेदबाई जाणत होत्या, परंतु इनासपंतांणी विचारिले तेव्हा त्यांणी भाकरी थापणे चालू ठेविले. मग इनासपंत काळा कोट घालून गेले, आणि मानवेलाचे दारी त्याचा थोरला भाऊ दिसला त्याचे गळ्यात पडून रडले, आणि तो माणूस किती सज्जन होता हे सांगत असता मानवेल स्वतः आतून आला आणि पुढे ऐकावयास उभा राहिला. इनासपंतांस पाहोन त्यास वाटले की आपणच गेलो आणि घरच्यांनी कळविले नाही. तो मटकन बसला. त्यास कांदा हुंगवावा लागला.

त्या दिवशी इनासपंत घरी आले ते ओट्यावरच बसले. त्यांस आजवर वाटे की बायको बोलते म्हणोन घरात शांतता नाही. आता शांतता मिळाली, आणि तिजमध्ये बसवेना. आत जाऊन ते म्हणाले, "अगे, मानवेल जिवंत आहे." ही बातमी सांगावयास दुसरे कोणी नव्हते. रेमेदबाईंचे ओठ थरकले, आणि त्यांणी पाठ फिरविली. हसल्या की रडल्या हे पंतांस कळले नाही.

मग त्यांणी निश्चय केला की पौलांणी नेमके काय लिहिले ते वाचावे. देवळात पत्रांची पोथी होती, ती वर्षातून एकदा वाळवी पाहावयास उघडीत, वाचावयास नव्हे. पंतांस येत होते ते एकच वाक्य, तेही सासऱ्यांकडून ऐकिलेले. तीन दिवस दुपारी ते पोथी घेऊन बसले. एके पत्री बायांनी उगे राहावे, आणि त्याच पत्री बायांनी मंडळीत प्रार्थना करिताना डोईवर पदर घ्यावा. आता उगे राहोन प्रार्थना कैसी करावी? दुसरे पत्री ख्रिस्ताठायी ना पुरुष ना स्त्री. कोठे पौल म्हणतात मी पातक्यांत पहिला, कोठे म्हणतात माझे अनुकरण करा. पंत संतापले आणि एकहाती पुतळ्यास म्हणाले, "महाराज, एक काय ते लिहा."

मग रोमकरांस लिहिलेले लांबलचक पत्र आले, आणि त्याचे शेवटी नावांची रांग लागली, अमुकीस सलाम, तमुकीस सलाम. त्यांत बायाच बहुत, कोणी पौलांसाठी जीव धोक्यात घातला, कोणी प्रभूसाठी कष्ट केले. आणि सगळ्यांआधी फीबी म्हणोन एक बाई, तिचे मानाने स्वागत करा, ती मजसकट पुष्कळांस उपयोगी पडली आहे, ऐसे लिहिले होते. पंत पोथी घेऊन वृद्ध पाद्री बोतेलबाबांकडे गेले. बाबा कानाने अधू, म्हणोन ओरडून विचारावे लागले की ही फीबी कोण.

बाबा म्हणाले, "तिणेच ते पत्र रोमास नेले, ऐसे जाणते सांगतात."

"मग तेथील लोकांनी तिला विचारिले असेल ना, की बाई, येथे पौलांणी काय म्हटले आहे?"

"विचारिलेच असेल. पत्र अवघड आहे."

"आणि ती उगी राहिली असेल?"

बाबांणी पोथी जवळ ओढिली आणि म्हणाले की चाळीस वर्षे हे पत्र वाचितो, परंतु ती नावे आली की मी पान उलटितो, उच्चार कठीण आहेत.

सणाचा दिवस उजाडला. पलीकडचे राज्यांतील पाहुणे आले, देऊळ भरले, आणि पुतळ्यावरील वस्त्र काढिले, तो संतांस दोन्ही हात डावे, आणि वाद न मिटल्याने नवा हात रिकामा. जुझे मेस्त्री घाबरून बोलिले की हात करिताना आमचे कुटुंब समोर उभे राहोन उजवा डावा सांगते, औंदा सांगितले नाही. पाहुणे हसू लागले. पुरुषांनी माना खाली घातल्या. तेव्हा इनासपंत पुढे जाऊन उभे राहिले.

"मी पौलांचे एक वाक्य घेऊन बाकी पौल टाकिले," ते बोलिले. "त्यांणी आपले सर्वांत थोर पत्र एका बाईचे हाती दिले. आणि मी माझे घरचे माणसास चारचौघांत उगे राहा म्हटले, ते धर्मासाठी नव्हे, मी हरलो होतो म्हणोन. चुकी माझी. आता बोल."

अवघे देऊळ रेमेदबाईंकडे पाहू लागले. रेमेदबाई उठल्या. त्यांणी पतीस डोक्यापासून पायापर्यंत पाहिले आणि बोलिल्या, "अंगरखा उलटा घातला आहे. परवापासून."

पंतांणी खाली पाहिले. शिवण बाहेर होती. "मग सांगितले का नाही?"

"पौलांची आज्ञा होती."

आणि त्या हसल्या, आणि मग चारी आळ्यांच्या बायका बारा दिवसांचे बोलणे एकदम बोलो लागल्या, तो आवाज ऐसा उठला की बोतेलबाबांसही ऐकू आला आणि खाडीचा बांध फुटला काय ऐसे त्यांणी विचारिले. पंतांणी तेथेच अंगरखा सुलटा केला. त्यांचे डोळे भरले होते, परंतु तोंड अंगरख्यात असल्याने ते कोणी पाहिले नाही.

येणेप्रमाणे हे प्रकरण मिटले. डावे हाती तलवार शोभेना म्हणोन पत्रच दिले. तलवारवाले अद्याप म्हणतात की पौल कठोर होते, पत्रवाले म्हणतात की मायाळू होते, आणि पास्कू म्हणतो की दोन डावे हात हे पेल्याचेच काम, फक्त तो मेस्त्रींनी घेतला. तिन्ही पक्ष दर आदितवारी देवळाबाहेर भांडतात, आणि भांडणात बायांचा आवाज वर असतो. पोथी आता वाचावयास उघडतात. वाळवी तिला लागली नाही.