गजा ठाकूरचे हिरवे दिवस

आमच्या शेजारच्या गजा ठाकूरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, पण त्यात एकादशी कधी आणि अमावास्या कधी हे शोधून सापडायचं नाही. गजानं सगळ्या तारखांवर स्केचपेन फिरवलंय. केशरी, पिवळा आणि हिरवा. दिवाळी केशरी, मे महिना केशरी, नाताळ तर इतका केशरी की कागद फाटलाय. शाळा चालू असतात ते दिवस पिवळे. आणि भर पावसाळ्यातले, शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही असले दिवस हिरवे.

बारशाचं आमंत्रण घेऊन गेलात, तर हा आधी भिंतीकडं बघणार. मग म्हणणार, "केशरी दिवसात झालाय. महाग पोरगा आहे."

हे रंग पॉइंटांचे. गजा एका हॉलिडे क्लबाचा मेंबर आहे. तो क्लब दरवर्षी याच्या खात्यात पॉइंट टाकतो, आणि त्या पॉइंटांवर क्लबाच्या रिसॉर्टात खोली मिळते. रिसॉर्ट आहे तिकडं खोपोलीच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. त्याला जोडून पार्क. घसरगुंड्या, खोटी नदी, आणि एक सिमेंटची टाकी, जिच्यात मशीन लाटा काढतं. केशरी दिवसाची खोली ढीगभर पॉइंट खाते, हिरव्या दिवसाची थोडे. मार्चअखेर बुकिंग केलं नाही तर उरलेले पॉइंट मरतात. फारच विनवणी केली तर क्लब ते एखादं वर्ष पुढं ढकलतो. हे सगळं गजानं मला आमच्या मधल्या दगडी गडग्यावरून इतक्यांदा सांगितलंय की चौथीत शाळा सोडलेला मी उद्या तो क्लब चालवीन.

आणि एवढं करून गजा स्वतः तिथं एक रात्र राहिलेला नाही. पॉइंट भाड्यानं देतो. वर्षाला क्लबाची जी फी भरावी लागते तेवढी निघाली की याचं झालं.

मी त्याला तोंडावर सांगितलंय की तू येडा आहेस. चौलात राहतो आपण. वाडीच्या मागं खाडी, खाडीच्या पुढं समुद्र, वारा फिरला की लाटांचा आवाज माजघरात येतो. आणि माणसं इथून गाडी करून टाकीतली लाट बघायला जातात, ह्याच्या पॉइंटांवर. मी म्हटलं, गजा, ही आपली लाट फुकट हाय.

"दादा," गजा म्हणाला, "तुमच्या लाटेला वेळापत्रक नाही. तिथली दर तासाला लागते. पंधरा मिनिटं थांबते."

ही भाषा एसटीची. गजा बत्तीस वर्षं स्टँडावर कंट्रोलर होता. माइकसमोर बसून कुठली गाडी कुठं लागली ते सांगायचं, एवढंच काम. रिटायर झाला, पण तोंडातला माइक काही गेला नाही. घरात एकटाच असतो, लग्न केलं नाही, आई होती ती गेली. पण सकाळी आंघोळीला जाताना पण आवाज येतो, "पाणी तापलेलं आहे, नोंद घ्यावी." कोणी नोंद घ्यायची? मांजर पण नाही घरात.

हे मेंबरशिपचं खूळ शिरलं ते पनवेलच्या मॉलात. सोडतीत नाव निघालं म्हणून फोन आला, आईला घेऊन या, भेट मिळेल. हा गेला. थंडगार हॉलात टाय लावलेल्या पोरानं खुर्ची पुढं केली आणि विचारलं, सर, तुम्हाला कुठं जायला आवडेल? गजा सांगतो, बत्तीस वर्षं सगळ्यांनी मला गाडी किती वाजता हे विचारलं, हे कुणी विचारलं नव्हतं. एवढ्यावर बाबानं पंचवीस वर्षांच्या कागदावर सही ठोकली. वरून विजेची किटली मिळाली. अजून त्याच किटलीचा चहा पाजतो. बेचव असतो.

पण खरा येडेपणा पुढं आहे.

पॉइंट दुसऱ्याला द्यायचे तर क्लबाचा एक फॉर्म असतो. पाहुण्याचं नाव, सोबत कोण, तारीख, आणि एक रकाना: मेंबरशी नातं. क्लबाचा नियम असा की नातेवाईकालाच देता येतात. सगळी दुनिया तिथं काहीतरी ठोकून देते आणि मोकळी होते. गजा नाही. खोटं लिहायचं नाही म्हणतो. मग काय करतो? आधी नातं लावतो.

रेवदंड्याचं नवं जोडपं आलं पॉइंट मागायला. यानं त्यांना बसवलं, किटलीचा चहा दिला, बायकोचं माहेर विचारलं, आणि म्हणाला, ठीक, आजपासून तू माझी पुतणी. त्या पोरीनं मान डोलावली, तिला काय, खोलीशी मतलब. पण दिवाळीला हा तिच्या दारात, पिशवीत पोह्यांचा चिवडा. काका आला म्हणून. थळची एक कोळीण, तिच्या पोरांना पार्क दाखवायचं होतं, ती याची मावसबहीण. ती आता पावसाळ्याआधी सुके बोंबील पाठवते, आणि वास आमच्याकडं येतो.

बोर्ली पंचतनचा सलीम कतारहून सुट्टीवर आला होता, त्याला भाचा लिहिला. रिसॉर्टवरून फोन आला, सर, तुमचं आडनाव ठाकूर आणि भाचा सलीम, हे कसं? गजा म्हणाला, "कसं ते मला माहीत नाही. आहे." पुढं त्या सलीमच्या बहिणीचा निकाह झाला तेव्हा हा दोन गाड्या बदलून बोर्लीला गेला आणि मामा म्हणून पुढच्या खुर्चीत बसला. त्या लोकांनी बसवलं पण. ईदेला शिरखुर्म्याचा डबा येतो. मी खाल्लाय. चांगला असतो.

एका वहीत सगळी नाती लिहिलेली. मी विचारलं, गजा, ह्यातलं तुला खांदा द्यायला कोण येणार? म्हणाला, "ते दिवसावर आहे दादा. केशरी दिवस असला तर गर्दीमुळं अडकतील."

आणि निरोप. पॉइंट घेतलेलं कुटुंब निघालं की हा आमच्या फाटकापाशी उभा राहणार, हात मागं बांधून. "चौलहून सुटणारी, पेणमार्गे खोपोलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे." फलाट म्हणजे माझं फाटक. माणसं गाडीत हसतात. हा हसत नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा राहतो, मग घरात जाऊन दार लावतो.

आमच्या घरात त्याला एकच माणूस मानायचं. माझी बायको, सुमन. मी इकडं शिव्या घालायचो आणि ती गडग्यावरून त्याला घावन द्यायची. मी म्हणायचो, कशाला त्या येड्याला लाडावतेस. ती म्हणायची, तुम्हाला न्हाय तर न्हाय, मला करमतं त्याच्याशी बोलून.

सुमन गेली श्रावण लागला तेव्हा. दुपारची झोपली ती उठली नाही. अंगणात माणसं जमली. गजा आला, छत्री मिटली, माझ्यासमोर उभा राहिला, आणि म्हणाला, "वहिनी हिरव्या दिवसात गेल्या."

मी म्हटलं, निघ इथून.

तो काहीतरी पुढं बोलणार होता. मी म्हटलं, निघ. गेला.

तिथून बोलणं बंद. पुढचा पावसाळा पण गेला, मी त्याच्याकडं बघितलं नाही. तो माझ्याशी बोलायचा नाही, पण गडग्यापलीकडं उभा राहून हवेला सांगायचा. "वाडीतल्या पंपाचं पाणी वाहून जात आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी." मी पंप बंद करायचो. माझा नारळ त्याच्या आवारात पडला की गडग्यावर ठेवायचा. "बेवारस नारळ आढळला आहे." असली दोस्ती मला नको होती.

ह्या मार्चात आमच्या सविताचा पनवेलहून फोन आला. पोरांची शाळा सुटली की चार दिवस कुठंतरी न्यायचंय, गजाकाकांकडं पॉइंट असतील, तुम्ही विचारा. मी म्हटलं, मी त्या माणसाचं तोंड बघत न्हाय. ती म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही फाटकाबाहेर पडला नाहीत. तुम्ही येणार असाल तरच मी जाणार. आणि एकतीस तारखेला पॉइंट मरतात." तिला पण सगळं पाठ.

दोन दिवस मी इकडचं झावळ तिकडं टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घातला आणि गेलो.

गजानं दार उघडलं. किटली लावली. मी सरळ सांगितलं, सविताला दोन रात्री पायजेत, ती, तिचा नवरा, पोरं आणि मी. मी नकोच म्हणतोय पण ती ऐकत न्हाय.

त्यानं चष्मा घातला, मोबाइल उघडला, बोटानं वर खाली केलं. "आहेत," म्हणाला. "हिरव्या दिवसातले पॉइंट गेल्या वर्षी कुणाला दिले नाहीत. पुढं ढकलून घेतले."

"का? गिऱ्हाईक मेलं का?" मी म्हटलं.

गजा उठला. कपाटातून फाइल काढली, फाइलीतून एक कागद, आणि माझ्यापुढं ठेवला. "हा तुम्हाला द्यायचा राहिलाय."

मी सावकाश वाचतो. पाहुण्याचं नाव: सुमन नामदेव राऊत. सोबत: नामदेव राऊत. दोन रात्री. तारीख बघितली. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची. मेंबरशी नातं: बहीण.

मी म्हटलं, "वहिनी होती ती तुझी. बहीण कशाला लिवलंस?"

"मी वहिनीच लिहीत होतो. त्यांनी पेन धरलं. म्हणाल्या, वहिनी लिहिलंत तर नातं यांच्या मार्गे येतं, आणि हे मधेच उतरवतील. बहीण लिहा. थेट गाडी."

ही सुमनच. दुसरं कोणी असं बोलणार नाही.

मग त्यानं सांगितलं. आषाढात ती त्याच्याकडं आली होती. कॅलेंडरावर बोट ठेवून हिरवे दिवस तिनंच निवडले, गर्दी नसते म्हणून. तिला टाकीतल्या लाटेत बसायचं होतं. सगळा जन्म समुद्राच्या आवाजात गेला, पण घोट्याच्या वर कधी पाणी घेतलं नाही. नारळी पुनवेला नारळ सोडायचा, पाय भिजवायचे, की मागं. गावासमोर लुगडं भिजवून उभं कोण राहणार. तिथं आपल्याला कोण ओळखतं, म्हणाली.

"मला का न्हाय सांगितलं?"

"सकाळी चपला घालताना सांगणार होत्या. आधी कळलं तर तुम्ही सुपारीवर फवारणी काढली असतीत."

काढली असती.

चहा निवला होता. मी विचारलं, "मग रद्द केलंस?"

"बटण होतं," गजा म्हणाला. "दाबलं नाही. दोन दिवस खोली त्यांच्या नावानं होती. पहिल्या दिवशी दुपारी तिथून फोन आला. सर, तुमच्या सिस्टर अजून पोचल्या नाहीत."

"मग?"

"मी सांगितलं, गाडी उशिरा धावत आहे." हे त्यानं स्टँडावरच्या आवाजात सांगितलं, पण अगदी हळू. "दुसऱ्या दिवशी परत फोन आला. परत तेच सांगितलं."

मी सुमनच्या नावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

त्यानं कोरा फॉर्म काढला आणि लिहायला घेतलं. सविता, तिच्यापुढं भाची. नवरा, त्याच्यापुढं जावई. पोरांना नातवंडं. मग माझं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. तीस वर्षं मला दादा म्हणतोय, पण ते तोंडचं. कागदावर कधी वेळ आली नव्हती.

मी म्हटलं, "मेहुणा लिही. दुसरं काय लिवणार."

त्यानं लिहिलं. अक्षर एरवी सुबक आहे त्याचं, हे जरा तिरकं झालं.

"आणि हे पण लिही," मी म्हटलं, "की हा माणूस त्या टाकीत उतरणार न्हाय."

"त्याला रकाना नाही."

मी उठलो. किटलीचा चहा बेचवच होता, तो संपवला. दारात चपला घालताना विचारलं, पहिली लाट कितीला लागते.

"अकराला," गजा म्हणाला. "मेहुण्यांनी नोंद घ्यावी."