धुण्यास पात्र पाय

नम्रता हा सद्गुण माणसाला एकट्याने पाळता येत नाही. ती बघायला कोणीतरी लागते, आणि बघणारे वाढले की व्यवस्था लागते.

कळंबजवळच्या एका ख्रिस्ती मंडळीचे पाळक चांगदेव यांना हे यश मिळाल्यावर कळले. १९९१ साली ते पत्र्याच्या शेडमध्ये अकरा माणसांपुढे उपदेश करत, तेव्हा नम्र राहण्यासाठी वेगळे काही करावे लागत नव्हते. (पत्रा इतका खाली होता, की ताठ उभे राहिले की डोक्याला लागे.) पुढे अकराची आठशे माणसे झाली, पक्के सभागृह झाले, जीप आली आणि पाळकांच्या प्रार्थनेने ताप उतरतो असे लोक जुन्नरपर्यंत सांगू लागले. गर्वाचा धोका उघड होता. मंडळीने तो वेळीच ओळखून पाच जणांची नम्रता समिती नेमली. गेणभाऊ अध्यक्ष झाले. पाळकांची मुलगी शीला प्राथमिक शाळेत शिकवत होती आणि तिचे अक्षर चांगले होते, म्हणून ती चिटणीस.

समितीने थोड्याच काळात मोठे काम केले. पाळकांनी व्यासपीठावर खुर्ची न घेता साध्या स्टुलावर बसावे, असे ठरले. (स्टूल सागवानी होते आणि प्रत्येक गावी जीपने पुढे पाठवले जाई.) हार दोनदा नाकारावा, तिसऱ्यांदा देणाऱ्याचे मन मोडू नये. फलकावर नावाआधी 'अपात्र दास' छापावे आणि ती अक्षरे धावत्या एसटीतून वाचता यावीत. २००३च्या अहवालाप्रमाणे पाळकांनी वर्षात ४१ शाली नाकारल्या, पैकी ३८ घरच्या कपाटात आहेत. स्वतःला त्यांनी १९६ वेळा 'धूळ' म्हटले.

मुख्य कार्यक्रम मात्र पाय धुण्याचा. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी पाळक बारा जणांचे पाय धूत. शेडच्या काळात यात फार गोंधळ असे. लोक जसे असतील तसे पाय घेऊन येत. एका वर्षी तळेघरची ठकूबाई अर्धी वाट चालत आली, तर तिच्या टाचेच्या भेगेत काटा मोडलेला. पाळकांनी पिनेने तो काढला. त्यांच्या बायकोने, साळुबाईंनी, तीनदा पाणी तापवून दिले. अर्धा तास त्यातच गेला आणि उपदेश राहूनच गेला.

समितीने हा गैरप्रकार बंद केला. पाय आता महिनाभर आधी निवडले जात. भेगा असाव्यात, पण व्हिडिओत शोभतील इतक्याच. नखे काढलेली असावीत. कार्यक्रमाच्या तासभर आधी महिला मंडळाने बाराही जोड्या नळावर साबणाने धुवाव्यात, म्हणजे पाळकांनी धुताना पाणी गढूळ होणार नाही.

२००४ साली साळुबाईंचा पाय साखरेच्या आजाराने चिघळला. शीला शाळेआधी आणि शाळेनंतर जखम धुऊन पट्टी बांधी. पण मार्च संपताना डॉक्टरांनी सांगितले की पाय घोट्याच्या वर कापावा लागेल. ईस्टरनंतरचा सोमवार ठरला.

"सोमवारी पाय जायचा," साळुबाई शीलाला म्हणाल्या. "त्यान्ला म्हणावं, जायच्या आधी एकदा तुमी धुवा. लई न्हाई, एकदाच."

शीलाने निरोप दिला. पाळकांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतः बादली भरली आणि खोलीच्या दारापर्यंत आणली. तिथे गेणभाऊ भेटले.

"पाळकसाहेब, आज वाकू नका. गुरुवारी बारा जणांपुढं वाकायचंय. गुडघं धरलं म्हंजी?"

"साळूचा पाय हाय, गेणभाऊ."

"वैनींचा पाय कुठं पळून चाललाय? अन् गुरुवारी धुवायचा असंल तर रीतसर अर्ज येऊ द्या. लोकं म्हणायची, पाळकानं घरचा पाय वशिल्यानं घुसवला."

हे पाळकांना पटले. नम्र माणसाला दुसऱ्याचे लवकर पटते.

शीलाने मुलगी म्हणून अर्ज लिहिला, चिटणीस म्हणून स्वीकारला आणि बैठकीपुढे ठेवला. समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला. जखम उघडी असल्याने पाय नियमात बसत नव्हता. शिवाय गेणभाऊंनी मूळ मुद्दा मांडला. "घरच्यांचं पाय धुयाला नम्रता लागत न्हाई. ते घरकाम हाय."

"तेरावी बसवा की तिला," सभासद बयाबाई म्हणाल्या. "तेरा झाल्या तर हॉल पडंल व्हय?"

"खुर्च्या बाराच हायत, बयाबाई."

"मग माजी घ्या," असे म्हणून बयाबाई उठून गेल्या, त्या पुन्हा समितीवर आल्या नाहीत. त्यामुळे अर्ज फेटाळण्याचा ठराव उपस्थितांच्या एकमताने मंजूर होऊ शकला. शीलाने हात वर केला नाही. तिच्या हातात पेन होते.

गुरुवारचा कार्यक्रम हृद्य झाला. पाळकांचे गुडघे धरले. शुक्रवारी तीन तासांची उपासना होती, शनिवारी विश्रांती, रविवारी ईस्टर. सोमवारी पाय गेला. त्याच्या तिसऱ्या दिवशी साळुबाई गेल्या.

दफनाच्या वेळी पाळकांनी मूठभर माती टाकली. मग म्हणाले, "तिचे पाय धुण्याचीसुद्धा माझी लायकी नव्हती." आठशे माणसे रडली. समितीच्या अहवालात हे वर्षातले सर्वांत नम्र वाक्य म्हणून नोंदले गेले. नोंद शीलानेच केली. अक्षर कुठेही हललेले नाही.

बयाबाईंची जागा समितीवर अजून रिकामी आहे. तिच्यासाठी अर्ज लागत नाही. हे वाचताना 'मी असतो तर आधी साळुबाईंचा पाय धुतला असता' असे ज्यांना वाटले, त्यांची त्या जागेवर निवड झाली असे समजावे. ठराव लिहायला बसेपर्यंत शीलालाही तसेच वाटत होते.