एकांत आणि पों-पों

सायकल मोहीम कशी आखावी हे कोणीही माझ्याकडून शिकावं. केरीच्या किनाऱ्यापासून खाली काणकोणपर्यंत, चार दिवस, मुक्काम तंबूत. डिचोलीच्या बाजारात भेटेल त्याला मी हे सांगितलं होतं, न भेटेल त्याला फोन करून.

माझी बायको मनीषा एकाच अटीवर तयार झाली. "चार दिस कोणाक वाढूचा नाय, कोणाक उठवूचा नाय. फकत तुमी नि मी."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. घरात सासू, दीर, पुतणे, आला-गेला. दोघांनीच बसून चहा प्यायल्याचं तिला आठवत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी तसं बोललो नाही. अट मोडली असती तर पुढच्या वेळी ती माझ्याबरोबर फाटकापर्यंतसुद्धा आली नसती.

आणि मी काय केलं? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सायकलीला रबरी हॉर्न आणला!

"अहो, ह्यो पोदेराचो हॉर्न," ती म्हणाली. पोदेर म्हणजे सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव विकणारा. त्याचा पों-पों ऐकला की आमच्याकडचं माणूस झोपेतूनही पिशवी घेऊन उठतं.

"लोकांना डोळे असतात," मी म्हणालो. "पोदेराच्या मागे निळं प्लास्टिक घातलेली टोपली असते. माझ्या मागे तंबू आहे."

तंबू मी निळ्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळला होता. दव पडतं म्हणून.

केरीला रस्त्यात म्हैस उभी होती. हॉर्न दाबला. म्हैस हलली नाही, पण आजूबाजूच्या घरांची दारं उघडली. "पोदेरा, राव रे!" म्हणत बायकांनी मला थांबवलं. पाव नाहीत म्हटल्यावर एकीने प्लास्टिकच वर करून बघितलं. हरमलला एक काका काल पाव मिळाला नाही म्हणून भांडायलाच आले, "काल खंय आशिल्लो?" त्यांची समजूत घालता घालता त्यांच्या ओसरीवर चहा झाला. चहाला सून आली, शेजारीण आली, शेजारणीची नणंद आली. मनीषाने सवयीने सगळ्यांचे कप विसळले.

 मांद्र्याला ती सायकलवरून उतरली, माझा हॉर्न सोडवला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

"आता बघूया, एकांत मेळता काय."

मिळाला. आश्व्याला माडांतून वाटाच वाटा. ती सरळ पुढे गेली आणि मी समुद्र बघत भलत्याच वाटेला लागलो. दोघांचे फोन माझ्या पिशवीत, कारण चार्जिंगचं खातं माझ्याकडे. ऊन उतरायला लागलं. हाक मारावी तर पंचवीस वर्षांत मी तिला नावाने मोठ्याने हाक मारलेली नाही. "अगो" म्हणून ओरडलो, तर वाटेवरच्या दोन-तीन बायकांनी वळून बघितलं. खरं सांगतो, घाबरलो होतो.

इतक्यात पों-पों ऐकू आला. जीव भांड्यात पडला. धापा टाकत पोचलो, तर समोर खराखुरा पोदेर, तोही चिडलेला.

"थंय साकवार एक बायल पों-पों करीत बसल्या. माजीं सगळीं गिरायकां थंय धांवलीं!"

त्याला मिठी मारायचाच राहिलो. साकवाची वाट विचारली आणि अपराधी वाटून त्याचे उरलेले सगळे उंडे, म्हणजे गोल पाव, विकत घेतले.

ओढ्यावरच्या त्या साकवावर मनीषा दोन्ही हातांनी हॉर्न दाबत होती. भोवती पिशव्या घेतलेल्या बायका. "पाव नाय गे बायांनो," ती रडवेली होऊन सांगत होती, "माझो घोव हरवलो हा."

एका म्हातारीला माझी उंड्यांची पिशवी दिसली. "पळय गो, आयलो तुजो पोदेर."

मनीषाने पदराने डोळे पुसले. "ह्योच तो. उशिरा येता, पण येता."

"मागीर दी गो चार उंडे," म्हातारीने पिशवी पुढे केली.

आणि कोणाला वाढायचं नाही म्हणून घराबाहेर पडलेल्या माझ्या बायकोने अख्ख्या वाड्याला पाव वाटले.

सुरूच्या बनात तंबू ठोकला तेव्हा पिशवीत एकच उंडा उरला होता. तिने तो मोडला आणि मोठा तुकडा माझ्यापुढे केला. मी तो तिच्या हातात परत ठेवला आणि चहा गाळला. बराच वेळ कोणीच आलं नाही. इतकं बरं वाटलं की मी पुन्हा चहा ठेवला.

हॉर्न आता तिच्या सायकलीला आहे. सकाळी घरात पों-पों झाला की पिशवी घेऊन मी उठतो.